२० जुलैची रात्र

१९३८ साली मध्य प्रांत व वऱ्हाडचं काँग्रेस सरकार कागदांच्या देवघेवीत कोसळलं. पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यांना असंच म्हणत) डॉ. ना. भा. खरे आणि प्रांताच्या महाकोशल भागातले मंत्री रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र, दुर्गाशंकर मेहता यांचं जमत नव्हतं. मे महिन्यात पचमढीला तडजोड झाली होती, ती टिकली नाही. २० जुलैला खऱ्यांनी गव्हर्नरकडे राजीनामा दिला. हे तिघे राजीनामा देईनात, तेव्हा गव्हर्नरने रातोरात त्यांना बडतर्फ केलं आणि दुसऱ्या दिवशी खऱ्यांचं नवं मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळं झालं. काँग्रेस कार्यकारिणी दोन-तीन दिवसांत इथे वर्ध्यालाच बसणार होती. तेवढंही खरे थांबले नाहीत. त्या तिघांबद्दलची खऱ्यांची तक्रार खोटी होती असं मला वाटत नाही. घाईने मात्र ती ऐकून घ्यायला कुणी उरलं नाही. २३ तारखेला त्यांना पुन्हा पायउतार व्हावं लागलं.

मग ते गांधीजींकडे गेले, सेगावला. (या सेगावची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जात, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.) तिथे खऱ्यांच्या निवेदनाचा मसुदा झाला, त्यात गांधीजींनी स्वतः दुरुस्त्या सुचवल्या. खऱ्यांनी मित्रांशी बोलायला वेळ मागितला आणि अखेर सही केलीच नाही. थांबलं की माणूस नमतं घेतो, ही समजूत इथे टिकत नाही. विचार करूनही नकार देता येतो, आणि तो नकार २० जुलैच्या राजीनाम्यापेक्षा मला जास्त वजनदार वाटतो.

सेवाग्रामपासून जवळच असलेल्या सिंदी मेघेत आज भाऊबंदकीचा किंवा सोसायटीच्या पाण्याचा वाद तशाच घाईने रात्री अकराला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पेटतो. घाईचा निरोप पूर्वी तारेने जाई; ती तार २०१३ मध्ये बंद झाली. तिथे निदान शब्दागणिक पैसे पडत आणि खिडकीमागचा कारकून मजकूर वाचे. २०२३ पासून व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटं बदलता येतो. पण ही सवलत पाठवल्यानंतरची. तोवर चुलत्याने तो वाचलेला असतो, मेहुण्याने स्क्रीनशॉट काढून पुढेही ढकललेला असतो. पाठवण्याआधी दुसऱ्या कुणी तो वाचावा, अशी सोय अजून घरातल्या माणसांकडेच आहे, आणि रात्री अकराला ती बहुधा झोपलेली असतात.