पाच टक्क्यांआड हरवलेले आदिवासी
विशेष प्रतिनिधी, भिवंडी

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासीला साध्या कामासाठी ठाणे गाठावे लागे, ही विभाजनाच्या मागणीमागील रास्त व्यथा होती. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांना स्वतंत्र जिल्हाधिकारी, स्वतंत्र जिल्हा परिषद मिळाली आणि आदिवासीबहुल जिल्हा अशी ओळखही मिळाली. मात्र, जुन्या जिल्ह्यात मागे राहिलेल्या भिवंडी, शहापूर आणि मुरबाडच्या आदिवासी पाड्यांचे काय झाले, याची चर्चा तेव्हाही फारशी झाली नाही आणि आजही होत नाही.

आकड्यांचा खेळ

२०११ च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती. देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा तो जिल्हा. त्यात अनुसूचित जमातींचे लोक १५ लाखांहून अधिक, म्हणजे सुमारे १४ टक्के होते. विभाजनानंतर पालघरच्या वाट्याला सुमारे ११ लाख १८ हजार आदिवासी आले आणि तेथील त्यांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर गेले. उर्वरित ठाण्यात सव्वाचार लाख आदिवासी राहिले. परंतु ८० लाखांच्या एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण जेमतेम पाच टक्के ठरले. सव्वाचार लाख ही संख्या लहान नाही. तरीही ठाणे, कल्याण, उल्हासनगरच्या गर्दीत ती सरासरीत विरघळून जाते. मेट्रो, उड्डाणपूल आणि पुनर्विकास यांत गुंतलेल्या जिल्ह्यात पाड्यावरचा प्रश्न हा अपवादाचा प्रश्न बनतो.

रेषा नकाशावर, जगणे जमिनीवर

जुन्या ठाणे जिल्ह्याचे बंदरपट्टी आणि जंगलपट्टी असे दोन भाग पूर्वापार मानले जात. भिवंडी हा या दोहोंना जोडणारा सांधा. कामवारी नदी शहराजवळ खाडीला मिळते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर याच खाडीच्या आश्रयाने मराठी आरमाराची पायाभरणी झाली. तालुक्याच्या उत्तरेस मात्र वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या पलीकडे डोंगर आणि जंगल सुरू होते. शहापूरच्या डोंगरातून येणारी तानसा नदी भिवंडी तालुक्यातून वाहत पालघर जिल्ह्यात शिरते आणि वैतरणेला मिळते. नदीला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते, तशीच ती वारली, कातकरी, मल्हार कोळी आणि ठाकूर समाजांच्या सोयरिकींनाही ठाऊक नाही.

वारल्यांच्या लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, धवलेरी गाणी म्हणत विधी पार पाडते. भात कापणीला आले की तारपा घुमतो. हे वाड्यात जसे, तसेच भिवंडीच्या उत्तर भागातही. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळण्याआधीच ही चित्रकला जगभर पोहोचली होती. ती लिहिणाऱ्या हातांच्या नावावर जमीन किती, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

कातकऱ्यांची स्थिती अधिक बिकट. खैरापासून कात काढणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. ब्रिटिश काळातील वनकायद्यांनी जंगल परके केले आणि हा समाज कोळसाभट्टी, वीटभट्टी व शेतमजुरीकडे ढकलला गेला. दिवाळीनंतर भट्टीमालकाकडून उचल घ्यायची आणि पावसाळ्यापर्यंत कुटुंबासह ती फेडत राहायची, हे चक्र वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा होऊनही पुरते थांबले नाही. राज्यातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींमध्ये कोलाम आणि माडिया गोंडांसह कातकऱ्यांची गणना होते. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा जमातींसाठी ‘पीएम-जनमन’ योजना सुरू केली. पण पायाखालची जागाच दुसऱ्याच्या नावावर असेल, तर घरकुल उभे कोठे करायचे?

जमिनीचा वाढता भाव

हाच प्रश्न आता भिवंडीत तीव्र होणार आहे. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा या पट्ट्यातील शेती गोदामांखाली गेली. समृद्धी महामार्गाचा अखेरचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याचे टोक भिवंडी तालुक्यातच आहे. जमिनीचा भाव पाड्यांच्या दिशेने सरकू लागतो, तेव्हा पहिला धक्का सातबाऱ्यावर नाव नसलेल्याला बसतो.

कायद्याचे कवच नाही असे नाही. संपूर्ण शहापूर तालुका आणि भिवंडी व मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम ग्रामसभेला अधिकार देतात. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर महसूल संहितेचे निर्बंध आहेत. २००६ चा वनहक्क कायदा आहे. भिवंडी ग्रामीण आणि शहापूर हे विधानसभा मतदारसंघही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. उणीव आहे ती या तरतुदींकडे सलगपणे पाहणाऱ्या यंत्रणेची. त्यासाठी नवा जिल्हा नको. जिल्हा नियोजनात या तीन तालुक्यांतील आदिवासी गावांचा स्वतंत्र लेखाजोखा मांडणे आणि कातकरी वाड्यांखालील जागा भाव वाढण्याआधी त्यांच्या नावे करणे, एवढे तरी प्रशासनाच्या हाती निश्चित आहे.

विभाजनाने पालघरच्या आदिवासींना जिल्हा दिला. ठाण्यात राहिलेल्यांना निदान सरासरीबाहेर काढून मोजले जावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.