विश्लेषण : पिस्तुलाचे मॅगझिन ‘शस्त्र’ की नुसती ‘अ‍ॅक्सेसरी’? अमेरिकेत वाद का पेटला?

एखाद्या निकालाशी सहमत नसलेला न्यायाधीश आपले वेगळे मत सहसा कागदावर नोंदवतो. २० मार्च २०२५ रोजी अमेरिकेत मात्र वेगळेच घडले. नवव्या सर्किट अपील न्यायालयाचे न्यायाधीश लॉरेन्स व्हॅनडाइक यांनी लेखी मताला चक्क यूट्यूब व्हिडीओची जोड दिली. आपल्या दालनात पिस्तुले हाताळत, त्यांचे सुटे भाग दाखवत ते १५ मिनिटांहून अधिक काळ बोलले. हा सगळा वाद पिस्तुलाच्या मुठीत सरकणाऱ्या एका डबीवरून, म्हणजे मॅगझिनवरून होता.

मॅगझिनचे काम काय?

मॅगझिनमध्ये गोळ्या साठवल्या जातात आणि आतली स्प्रिंग त्या एकेक करून वर ढकलते. गोळ्या संपल्या की रिकामे मॅगझिन काढून भरलेले बसवायचे. ग्लॉक १७ या लोकप्रिय पिस्तुलाच्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये १७ गोळ्या मावतात. त्याच पिस्तुलाला १० गोळ्यांचे मॅगझिन चालते आणि ३३ गोळ्यांचे लांबडेही. पिस्तूल तेच राहते, पण मध्ये न थांबता किती गोळ्या झाडता येतील हे या भागावर ठरते.

कॅलिफोर्नियाचा कायदा काय सांगतो?

१० पेक्षा जास्त गोळ्या मावणारे मॅगझिन बनवण्यास, विकण्यास आणि राज्यात आणण्यास कॅलिफोर्नियात २००० पासून बंदी आहे. २०१६ मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन ६३’ मंजूर केले आणि असे मॅगझिन नुसते जवळ बाळगणेही बेकायदा ठरले. छोट्या मॅगझिनचे मोठे करता येईल अशा सुट्या भागांच्या संचांवरही राज्यात बंदी आहे. उलट, जास्त गोळ्या मावणारच नाहीत असा कायमस्वरूपी बदल केलेले मॅगझिन कायद्यात बसते. थोडक्यात, एखादा छोटा भाग बदलला की वस्तू कायदेशीर की बेकायदा, हेही बदलते. शेजारच्या नेवाडात अशी मर्यादा नाही. त्यामुळे तिथे राजरोस विकत घेतलेले मॅगझिन गाडीतून कॅलिफोर्नियात आणले की गुन्हा होऊ शकतो.

मर्यादा हवी, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा काय?

८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील टुसॉन येथे तत्कालीन काँग्रेस सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेत गोळीबार झाला. त्यात ६ जण मरण पावले आणि गिफर्ड्स गंभीर जखमी झाल्या. हल्लेखोराच्या पिस्तुलात ३३ गोळ्यांचे मॅगझिन होते. ते रिकामे झाल्यावर दुसरे बसवण्याच्या धडपडीत तो असताना लोकांनी त्याला जमिनीवर पाडले. मॅगझिन बदलण्याच्या या काही सेकंदांतच पळायला, लपायला किंवा हल्लेखोरावर झेप घ्यायला संधी मिळते. मॅगझिन छोटे असेल तर हे क्षण लवकर आणि जास्त वेळा येतील, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे.

विरोधक काय म्हणतात?

घरात घुसलेल्या हल्लेखोरासमोर हेच काही सेकंद घरमालकाच्या जिवावर बेतू शकतात, असे विरोधकांचे म्हणणे. शिवाय १० हा आकडा आला कुठून, असा त्यांचा सवाल आहे. कोलोरॅडोत मर्यादा १५ गोळ्यांची आहे, तर डेलावेअरमध्ये १७ ची. अनेक पिस्तुलांसोबत १० पेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिनच येते आणि कोट्यवधी सामान्य नागरिकांकडे ते आहे. मग त्याला अपवादात्मक किंवा ‘जादा’ कसे म्हणायचे, असेही ते विचारतात.

मग न्यायालयात नेमका प्रश्न काय होता?

अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती शस्त्रे बाळगण्याचा हक्क देते. मात्र मॅगझिन हे शस्त्र आहे का? न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी कायदा वैध ठरवला. पिस्तूल चालायला मॅगझिन लागते हे खरे, पण मोठेच मॅगझिन लागते असे नाही. त्यामुळे ती घटनेचे संरक्षण नसलेली अ‍ॅक्सेसरी ठरते, असे बहुमताचे मत पडले. संरक्षण आहे असे धरले तरी असा निर्बंध अमेरिकेच्या परंपरेत बसतो, असेही बहुमताने म्हटले. सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या ब्रुएन निकालात परंपरेची हीच कसोटी घालून दिली होती.

व्हॅनडाइक यांचा आक्षेप तर्काचा आहे. पिस्तुलाचा जवळपास प्रत्येक भाग बदलता येतो आणि प्रत्येकाला कमी प्रतीचा पर्याय असतो. या न्यायाने उद्या चांगली मूठ किंवा नेम धरायची साधनेही ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणून बंद करता येतील. त्यांच्या सहकारी न्यायाधीश मार्शा बर्झन यांनी मात्र व्हिडीओवरच बोट ठेवले. खटल्याच्या नोंदीत नसलेली माहिती मांडून न्यायाधीश स्वतःच तज्ज्ञ साक्षीदार झाले, अशी टीका त्यांनी केली.

भारतात असा वाद का होत नाही?

भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने व्याख्येतच हा प्रश्न मिटवला आहे. त्यात शस्त्रांबरोबर त्यांचे सुटे भागही येतात. त्याहून मोठा फरक असा, की आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. सरकारने परवाना दिला तरच ते बाळगता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्याही ३ वरून २ वर आणली. अमेरिकेत मात्र सुरुवातच हक्कापासून होते. म्हणून एखादा भाग ‘शस्त्र’ ठरला, की त्यावरील बंदीचे समर्थन करण्याची जबाबदारी सरकारवर येते.

पुढे काय?

जून २०२५ मध्ये ऱ्होड आयलंडच्या अशाच कायद्याविरुद्धची याचिका ऐकण्यास सुप्रीम कोर्टाने नकार दिला. मात्र ३ न्यायमूर्ती ती ऐकायला तयार होते. नकार म्हणजे कायद्याला मंजुरी नव्हे, त्यामुळे देशभर लागू होईल असे उत्तर त्यातून मिळालेले नाही. ते मिळेपर्यंत तेच मॅगझिन एका राज्यात दुकानात मिळेल आणि सीमा ओलांडताच बेकायदा ठरेल. हा वाद दिसतो १० आणि १७ गोळ्यांचा, पण त्याच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. ते काही सेकंद कोणाला मिळावेत, हल्ल्यात सापडलेल्या गर्दीला की स्वसंरक्षण करणाऱ्या बंदूकधारकाला?