छत्री धरणारा हात

दूरच्या एखाद्या लढाईची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : यात मुसलमान कोणत्या बाजूला? नागोर्नो-काराबाखविषयी वाचकांनी आम्हाला हेच विचारले. त्याची हकीकत अशी.

काराबाख हा कॉकेशसमधील डोंगराळ मुलूख. कायद्याने अझरबैजानचा, पण वस्ती २०२३ पर्यंत बहुतेक आर्मेनियन होती. सोव्हिएत संघ कोसळत असताना त्याने वेगळे होण्याची घोषणा केली आणि युद्ध पेटले. १९९४ मध्ये युद्धबंदी झाली, तेव्हा काराबाखसह भोवतालचा बराच प्रदेश आर्मेनियन फौजांच्या ताब्यात होता आणि लाखो अझरबैजानी बेघर झाले होते. तह मात्र झाला नाही. काराबाखच्या पाठीशी आर्मेनिया, आर्मेनियाच्या पाठीशी रशिया. या भरवशावर प्रश्न पाव शतक तसाच गोठून राहिला. रशिया तर दोन्ही बाजूंना शस्त्रे विकत होता.

दरम्यान अझरबैजानकडे तेलाचा पैसा आला, तुर्कस्तानची साथ मिळाली. २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात तुर्की व इस्रायली ड्रोननी पारडे फिरवले. मग रशियाने समेट घडवून सुमारे दोन हजार शांतिसैनिक आणून ठेवले. पण पुढे युक्रेनच्या युद्धात तो स्वतःच अडकला. डिसेंबर २०२२ पासून काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिन रस्ता अडवला गेला. अन्न-औषधांची टंचाई झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने हल्ला केला. रशियन सैनिक तिथेच होते, पण त्यांनी तो रोखला नाही. एका दिवसात काराबाखने शस्त्रे खाली ठेवली आणि काही दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन घरदार सोडून निघून गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अझरबैजान शियाबहुल, तरी शिया इराणचे सख्य ख्रिस्ती आर्मेनियाशी. सुन्नीबहुल तुर्कस्तान आणि इस्रायल अझरबैजानच्या बाजूला. आणि ख्रिस्ती रशियाने ख्रिस्ती काराबाख जाऊ दिले. प्रत्येकाने आपापली सीमा, आपले तेल, आपले वजन पाहिले.

दुसऱ्याने धरलेली छत्री त्याचा हात दुखेपर्यंतच डोक्यावर राहते. भिजले ते आधी अझरबैजानी, नंतर आर्मेनियन. तेव्हा वाचकहो, अशी बातमी वाचताना झेंडा कोणाचा हे जरूर पाहा. पण घर कोणाचे गेले, हे आधी विचारा. इन्साफाची सुरुवात तिथून होते.