परीटघडीचा विमानप्रवास

सायंकाळच्या विमानाने मुंबईहून दिल्लीस जावे, रात्री मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कडक परीटघडीत बैठकीस रुजू व्हावे, हा व्यापारी व अधिकारी वर्गाचा शिरस्ताच झाला असल्यामुळे, कपडे चुरगळू नयेत म्हणून घडीच्या फळ्या आणि हवा काढून घेणाऱ्या पिशव्या यांचा मोठा बाजार भरला आहे. परंतु सुरकुतीचे मूळ बॅगेपेक्षा कापडाच्या प्रकृतीत आणि निघण्यापूर्वीच्या घाईत अधिक असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुती कापडाचे तंतू सेल्युलोजचे असतात. ऊब आणि ओल मिळाली की त्यांतील हायड्रोजन-बंध सैल होतात आणि तंतू ज्या स्थितीत दाबला गेला असेल त्याच स्थितीत पुन्हा जुळतात. इस्त्री चालते ती याच न्यायाने, आणि सुरकुती पडते तीही याच न्यायाने. तेव्हा इस्त्रीखालून निघालेला ऊन-ऊन सदरा तसाच बॅगेत दडपणारा गृहस्थ वस्तुतः सुरकुतीलाच इस्त्री करीत असतो. सदरा टांगून पुरता निवू व सुकू द्यावा. मुंबईच्या पावसाळ्यात तर ही तजवीज आदल्या दिवशीच करावी. लोकरीची गोष्ट निराळी. तिचा तंतू केराटिनचा, मुळातच नागमोडी आणि लवचिक, म्हणून चुरगळलेला लोकरी कोट गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात टांगला असता बऱ्याच अंशी पूर्ववत होतो. हाच प्रयोग सुती सदऱ्यावर करणारे पुष्कळ भेटतात, आणि सकाळी ओलसर, तरीही चुरगळलेलाच सदरा घालून बैठकीला जातात.

कोटाची घडी मात्र शिकून घ्यावी. एक खांदा उलटा करून त्याचे अस्तर बाहेर आणावे, दुसरा खांदा न उलटवता त्याच्या पोकळीत बसवावा, बाह्या आत सरळ कराव्यात, आणि मग कोट मध्यावर दुमडताना त्या दुमडीत बनियन किंवा मऊ पंचा ठेवावा, म्हणजे घडीला धार येत नाही. धुलाईवाल्याकडून येणारी पातळ प्लास्टिकची पिशवी कोटावर राहू दिली तर थर एकमेकांवर घसरतात, रुतत नाहीत. सदरे एकावर एक रचण्यापेक्षा मऊ कपड्यांच्या गाभ्याभोवती गुंडाळून त्यांचे, पेशवे दफ्तरातील रुमालासारखे, घट्ट गाठोडे करावे. कारण सैल राहिलेले कापड हलते आणि हललेले चुरगळते. शिवाय बॅग आपण आडवी ठेवून भरतो आणि उभी करून ओढतो, हे कोणी ध्यानात घेत नाही. जोडे चाकांच्या बाजूस नसले, तर ते विमानतळावर पोहोचेपर्यंत कॉलरींवर येऊन बसलेले असतात.

बहुतेक देशी विमान कंपन्या हातातल्या बॅगेस 7 किलोंचीच मुभा देतात, तेव्हा कोट एकच न्यावा. राहिले ते इस्त्री न लागणारे म्हणून विकले जाणारे सुती सदरे. त्यांवर रासायनिक प्रक्रिया करून तंतूंतील साखळ्या कायमच्या बांधलेल्या असतात. त्यामुळे सुरकुती कमी पडते हे खरे, पण कापडाची ताकद घटते आणि कॉलरीची व कफांची कड लवकर विरते. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्याने ते खुशाल घ्यावेत. ज्याला वारंवार जावे लागते त्याने पैसा चांगल्या लोकरी कोटावर घालावा, आणि सदरा मुक्कामी पोहोचताच तेथील इस्त्रीवाल्याच्या हवाली करण्यात कमीपणा मानू नये.