एवढे रुंद फुटपाथ कशाला?

"एवढे रुंद फुटपाथ कशाला?" हा प्रश्न २०२५ मध्ये पुण्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकू आला, की संपादकीयासाठी दुसरा विषय शोधायची गरजच उरली नाही. रिक्षात ऐकू आला, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ऐकू आला, मुंजीच्या पंगतीत मठ्ठा वाढला जात असतानाही ऐकू आला. विचारणारे सगळे भले लोक. वेळेवर मिळकतकर भरणारे, नातवंडांना शाळेत सोडणारे आणि रविवारी संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावरच्या त्याच रुंद फुटपाथवर उभे राहून कुल्फी खाणारे. गाडीत बसले की मात्र त्याच फुटपाथने त्यांचा रस्ता चोरलेला असतो.

वर्षाचा धांडोळा इतर दिवाळी अंक घेतीलच. फेब्रुवारीत दिल्लीत तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले, मे महिन्यात जयंत नारळीकर गेले, पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर मागेही घेतला गेला, जुलैत शिवकाळातले १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, सप्टेंबरात मराठवाड्याची शेते पाण्याखाली गेली. एवढी नोंद पुरे. या अंकाचा वाचक अनुक्रमणिकेच्या आधी संपादकीय उघडतो आणि त्याला आढाव्यापेक्षा भांडण आवडते, हे गृहीत धरूनच पुढचे लिहिले आहे.

जंगली महाराज रस्त्याचा विषय निघाला की जुना पुणेकर आधी रेकॉन्डोची गोष्ट सांगतो. सत्तरच्या दशकात पावसाने शहरातल्या रस्त्यांची दैना झाली. तेव्हा स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीला हा रस्ता करायला दिला, कंपनीने दहा वर्षे खड्डा पडणार नाही अशी हमी दिली, १९७६ साली रस्ता खुला झाला आणि हमी संपल्यावरही कित्येक वर्षे तसाच टिकला. गोष्ट खरी आहे, अभिमानही रास्त आहे. पण ती नीट ऐकली तर तिच्यात डांबराखेरीज काहीच नाही. या रस्त्यावर पाताळेश्वराची लेणी आहेत, जंगली महाराजांची समाधी आहे, संभाजी बाग आहे, १९६८ पासून बालगंधर्व रंगमंदिर आहे. सगळी पायी जाण्याची ठिकाणे. नाटक सुटल्यावर हजारभर माणसे रस्ता कशी ओलांडतात, हे मात्र त्या दंतकथेत कुणी सांगत नाही. शहराने रस्त्यावर प्रेम केले ते चाकांसाठी.

चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, या कथेला दुसरा भाग जोडला गेला. महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि आयुक्त कुणाल कुमार यांच्या काळात जंगली महाराज रस्ता नव्याने आखायला घेतला गेला. आराखडा दिल्लीच्या ओअ‍ॅसिस डिझाइन्सचा, सोबतीला आयटीडीपी ही संस्था. जुनी झाडे न तोडता त्यांच्याभोवती बसायला कट्टे आले, पोरांना चढायला-घसरायला खेळणी आली, गाड्यांना आखीव खाचे मिळाले, सायकलींसाठी वेगळा पट्टा निघाला. औंधच्या डीपी रस्त्यावरही त्याच सुमारास, आधी तात्पुरती मांडणी करून पाहून मग काम झाले. महापालिकेच्या कारभारात हे अप्रूपच म्हणायचे. एरवी आधी खोदतात आणि मग विचार करतात.

आता त्या प्रश्नाचे उत्तर. पुण्यातला कुठलाही जुना रस्ता सगळीकडे सारखा रुंद नसतो. इमारत मागे सरकली तिथे तो फुगतो, देऊळ किंवा वाडा आला की आकसतो. फुगलेल्या जागी गाड्यांच्या चार रांगा लागतात, पुढे दोनच सुटतात. नरसाळ्याचे तोंड कितीही मोठे केले तरी तेल नळीपुरतेच पडणार. म्हणून आखणीकार गाड्यांचा भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मापाचा ठेवतात आणि उरलेली वेडीवाकडी जागा पायी चालणाऱ्यांना देतात. त्या फुगवट्यात पूर्वी काय होते? उभ्या गाड्या, राडारोडा आणि डबल पार्किंग. म्हणजे चोरी झाली असलीच, तर ती फुकट पार्किंगच्या जागेची.

ही चोरी कमीच झाली, अशी या अंकाची तक्रार आहे.

कारण फुटपाथ रुंद केला म्हणजे रस्ता सुरक्षित झाला, असे होत नाही. माणूस सहसा फुटपाथवर मरत नाही, रस्ता ओलांडताना मरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यात ३२,८२५ पादचारी होते. दिवसाला सरासरी नव्वद. आणि ओलांडण्याची व्यवस्था काय? झेब्रा पट्टे पावसाळ्यापूर्वी रंगवायचे आणि पावसाळ्यात पुसू द्यायचे. सिग्नलवर हिरवा माणूस दिसतो, पण किती वेळ, हे कुणी मोजत नाही. चार पदरी रस्त्याची रुंदी साधारण १४ मीटर धरली तर सेकंदाला सव्वा मीटर चालणारा तरुण ११ सेकंदांत पलीकडे जातो. पिशवी घेऊन निघालेल्या, सेकंदाला पाऊण मीटर चालणाऱ्या आजींना १९ सेकंद लागतात. मधली आठ सेकंदे आजींनी दुचाकींच्या हॉर्नमध्ये काढायची.

त्यात भर 'फ्री लेफ्ट'ची. चौकाच्या कोपऱ्याला मोठी गोलाई दिली की डावीकडे वळणारी गाडी वेग कमी करत नाही. तोच कोपरा आवळून काटकोनाकडे आणला की चालकाला ब्रेक दाबावाच लागतो, पाटी असो वा नसो. क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचलले की तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ताशी ५० किलोमीटरवरून वेग ६५ झाला, तर गाडीच्या धडकेने पादचारी मरण्याची शक्यता साडेचारपट होते. हे कोपरे आवळायला ग्रॅनाइट लागत नाही, रंग आणि चार खांब पुरतात. पण त्याचे उद्घाटन करता येत नाही, फीत बांधायला जागा नसते.

फुटपाथवर चढणाऱ्या दुचाकीबद्दल बोलायलाच हवे. उपाय म्हणून तोंडाशी खांब उभे करतात. जवळ जाऊन पाहिले तर त्यातली गंमत कळते. चाकाची खुर्ची सहज जायची तर दोन खांबांत सुमारे ९० सेंटिमीटर जागा हवी, आणि स्कूटरचे हँडल ७० सेंटिमीटरच्या आसपास. थोडक्यात, अपंग माणूस जिथून जाईल तिथून स्कूटर जाणारच. मग ठेकेदार खांब जवळ आणतो. स्कूटरवाला पुढच्या दुकानाच्या उतारावरून वर चढतो, खुर्चीवरचा माणूस मात्र खाली डांबरावर. अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या खाचांच्या फरश्यांचेही तेच. शहरात अशा कितीतरी जागा आहेत, जिथे ती पिवळी ओळ सरळ जाऊन महावितरणच्या डीपीला टेकते. या दुखण्यावर आखणीचे औषध नाही, दंडाचे आहे. पण दंड करणारे खाते वेगळे, फुटपाथ बांधणारे वेगळे आणि तो पुन्हा उकरणारे तिसरेच.

अतिक्रमणाची कारवाई मात्र नेमाने होते, ती पथारीवाल्यावर. गजरे विकणारी बाई उठवली जाते आणि दोन दिवसांत तिच्या जागेवर तीन दुचाकी उभ्या राहतात. बाईसाठी निदान २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. दुचाकीला कुठल्याच कायद्याची गरज पडत नाही. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केले. आधी फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून शुल्क घ्यायचे ठरले, तेही २०२५ पर्यंत झाले नाही. त्याच वर्षी शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली. या वाहनांना सार्वजनिक जमीन फुकट मिळते, आणि रुंद फुटपाथच्या खर्चावर बोट ठेवणाऱ्या एकानेही या भाड्याचा हिशेब मांडलेला नाही.

एक आक्षेप मात्र या अंकाला मान्य आहे. नवी आखणी झाली ती जंगली महाराज रस्त्यावर, फर्ग्युसन रस्त्यावर, औंधात. जिथे लोक फिरायला जातात तिथे. कात्रज-कोंढवा रस्त्यावर लोक फिरायला जात नाहीत, कामाला जातात. तो ८४ मीटर रुंद करायचे ठरले, २०१८ मध्ये भूमिपूजन झाले, जागा ताब्यात येईना म्हणून आकडा ५० मीटरवर आला, तरी रस्ता अपुराच. दरम्यान तिथला पादचारी ट्रकच्या चाकाशेजारून, मातीच्या कडेने चालतो. रुंदीकरणाची वाट पाहत सात वर्षे गेली, तेवढ्यात दोन्ही बाजूंना साधा सलग दीड-दोन मीटरचा पदपथ आणि शाळा-बसथांब्यांपाशी उंचावलेली क्रॉसिंग झाली असती. पण तसे केले तर रस्ता 'तात्पुरता' वाटतो, आणि तात्पुरत्या कामाला निविदेत वजन नसते. 'सुशोभीकरण' या शीर्षाखाली पैसा पटकन सुटतो, म्हणून फुटपाथही त्याच शीर्षाखाली जातो आणि जिथे शोभा दिसायची तिथेच होतो.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने अडथळ्याविना, अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि केंद्र सरकारला त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सादर करायला दोन महिने दिले. ओक त्याच महिन्यात निवृत्त झाले. पुण्याचे सांगायचे, तर मार्गदर्शक तत्त्वे या शहराकडे २०१६ पासून आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसचे पादचाऱ्यांविषयीचे २०१२ चे मानकही आहे. त्यात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, असे स्वच्छ लिहिले आहे. गुडघा धरून चढावे लागणारे फुटपाथ मग कुठल्या पुस्तकातून येतात, ते कळत नाही.

सायकलींबद्दल थोडेच, कारण लिहिण्यासारखे थोडेच उरले आहे. सायकलींचे शहर ही पुण्याची पदवी केव्हाच निवृत्त झाली. २००६ च्या अखेरीस स्वारगेट-कात्रज बीआरटी बसमार्गासोबत सायकल मार्ग आले, २०१७ मध्ये ८०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याचा आराखडा मंजूर झाला, त्याच वर्षअखेर भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि एक-दोन वर्षांत नाहीशाही झाल्या. काही नदीपात्रात सापडल्या. आहेत ते सायकल मार्ग बसथांबा आला की संपतात, झाड आले की संपतात, चौक आला की हमखास संपतात. सायकलस्वाराला नेमकी चौकातच सोबत हवी असते.

व्यापाऱ्यांचा विरोध नेहमीचा: गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. चेन्नईच्या पाँडी बझारचे व्यापारी हेच म्हणत होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथला पादचारी प्लाझा खुला झाला आणि आता ते ठिकाण शहर पाहायला आलेल्यांना दाखवले जाते. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो. एका दिवसापुरत्या गाड्या बंद, रस्त्यावर रांगोळ्या, मुलांचे खेळ. लक्ष्मी रस्त्यावर साड्या, दागिने, लग्नाचा बस्ता घेणारा माणूस तसाही दुकानांतून चालतच खरेदी करतो. तिथे जे एक दिवस जमते ते शनिवार-रविवारी का जमू नये, याला आजवर धड उत्तर मिळालेले नाही. बारा तारखेला सकाळी गाड्या आपल्या जागी परत असतात.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग 'शेजार' या विषयावर आहे. त्याचा फुटपाथशी संबंध काय, असे वाचक विचारतील. ओढून-ताणून जोडलाय म्हणा, पण जोडला आहे: विभागातल्या बहुतेक लेखांत शेजारी भेटतात ते जिन्यात, नळावर, ओट्यावर. एकविसाव्या शतकातल्या लेखांत ते व्हॉट्सअ‍ॅपवर भेटतात. कारण सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले की दोघांनी शेजारी-शेजारी चालावे एवढी जागाच नाही, एकामागे एक चालावे लागते. हा मुद्दा ज्यांना पटणार नाही त्यांनी थेट कथा विभागाकडे वळावे, तो यंदा चांगला जमला आहे.

राहता राहिल्या निवडणुका. मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. न्यायालयाच्या आदेशानुसार जानेवारी २०२६ अखेर निवडणुका व्हायच्या ठरल्या. जाहीरनाम्यांत उड्डाणपूल असतील, बोगदे असतील, 'कोंडीमुक्त' हा शब्द असेलच. मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला वाचकांनी चहा द्यावा आणि दोन प्रश्न विचारावेत. प्रभागातल्या शाळांच्या दारापासून दोन्हीकडे शंभर-शंभर मीटर सलग पदपथ आणि उंचावलेले क्रॉसिंग वर्षभरात करून देणार का? आणि त्यासाठी तिथले फुकट पार्किंग काढावे लागले, तर व्यापारी संघटनेसमोर उभे राहून ते बोलणार का? मिळालेले उत्तर उमेदवाराचे नाव, पक्ष, प्रभाग आणि तारखेसह अंकाच्या पत्त्यावर पाठवावे. पुढच्या दिवाळी अंकात त्यासाठी आठ पाने राखून ठेवली आहेत, जाहिरातदारांना तसे कळवलेही आहे.