स्कुबाचा सीझन जोरात, पण पोरांच्या कानांचं काय?

नाताळची सुट्टी लागली की मालवण, तारकर्ली, देवबाग गाड्यांनी भरून जातं. रात्रभर एसी बसने आलेला पर्यटक सकाळी नाक ओढतच किनाऱ्यावर पोचतो आणि थोड्याच वेळात सिलिंडर लावून पाण्याखाली असतो. सर्दीचे दिवस आणि स्कुबाचा सीझन नेमके एकाच वेळी येतात. खरी गडबड तिथेच आहे.

समुद्रात काही झालं की लाइफ जॅकेट आणि बोटीच्या परवान्याची चर्चा होते. व्हायलाच हवी. पण स्कुबात सगळ्यात जास्त इजा होते ती कानाला, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

कानाच्या पडद्यामागे हवेची पोकळी असते. ती एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या बाजूला जोडलेली असते. पाण्यात 10 मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि आतली हवा आकसून निम्मी होते. मग पडदा आत खेचला जातो. नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारली की नळी उघडते, दाब सारखा होतो. सर्दीत ही नळी सुजलेली असते, उघडतच नाही. बरं, इथलं स्कुबा फार खोल नसतं, म्हणून धोका नाही असं बरेच जण समजतात. उलट हवा सगळ्यात जास्त आकसते ती पहिल्या काही मीटरमध्येच. दीड-दोन मीटरवरही कान ठणकू शकतो.

तसंच दामटून खाली गेलं तर कानात पाणी किंवा रक्त साचतं, कधी पडदा फाटतो. फाटलेल्या पडद्यातून गार पाणी आत गेलं तर पाण्याखालीच भोवळ येते, आणि तिथे घाबरणं म्हणजे जिवाशी खेळ. जोरात फुंकर मारली तर आतला कान दुखावून कायमचं ऐकू कमी येऊ शकतं. सायनस चोंदलेलं असेल तर कपाळ ठणकतं, मास्कमध्ये रक्त दिसतं. काही जण सर्दीची गोळी घेऊन उतरतात. तिचा असर खालीच संपला तर वर येताना हवा अडकते, तो त्रास वेगळाच.

पर्यटक एकदा उतरतो आणि घरी जातो. आपल्या गावातला गाईड पोरगा मात्र दिवसभर एकेकाला धरून खाली-वर करत राहतो. प्रत्येक फेरीला त्याच्या कानावर तोच ताण. कान सतत ओला, म्हणून आतून खाज आणि इन्फेक्शन. पावसाळ्यात जलपर्यटन बंद, त्यामुळे जे कमवायचं ते याच महिन्यांत. सर्दी झाली म्हणून बसला तर त्या दिवसाची कमाई बुडते. मग “काय होवचा नाय” म्हणत तो उतरतो.

दोष फक्त त्या पोराचा नाही. शेजारच्यापेक्षा शंभर रुपये कमी लावायचे आणि फेऱ्या वाढवायच्या, या चढाओढीत उतरण्याआधी “सर्दी आहे का, कान वाहतो का” एवढं विचारायलाही वेळ उरत नाही. सर्दी असलेल्या पर्यटकाला पैसे परत देणं किंवा दुसरा दिवस देणं, गाईडला आजारपणाची भरपगारी सुट्टी, सीझनच्या आधी आणि नंतर कानाची तपासणी, हे परवान्याच्या अटींतच लिहायला काय हरकत आहे? तारकर्लीत एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. शास्त्र शिकवायची सोय दारातच आहे म्हणा ना.

तोवर ज्यांच्या घरातला पोरगा या धंद्यात आहे त्यांच्यासाठी: डायव्हिंगनंतर कानाला दडे बसले, ऐकू कमी आलं, शिटी वाजल्यासारखा आवाज आला किंवा चक्कर आली, तर कानात लसणीचं गरम तेल घालू नका, काडी घालू नका. पडदा फाटलेला असेल तर तेलाने नुकसान वाढतं. कान कोरडा ठेवा, पाण्यात उतरणं थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. ऐकू कमी येत असेल किंवा चक्कर असेल तर त्याच दिवशी.