विश्लेषण : सबस्टिट्यूशन की एलिमिनेशन? पाठांतर थांबवा, पीकेए बघा

पाण्यातले केओएच दिले की अल्कोहोल, अल्कोहोलमधले केओएच दिले की अल्कीन. बारावीच्या प्रत्येक क्लासच्या नोट्समध्ये हे वाक्य असते. ते चुकीचे नाही. पण केओएचच्या जागी सोडियम ॲसिटेट आले की ते पाठ करणारा विद्यार्थी तिथेच अडकतो.

नेमके काय घडते?

हॅलोअल्केनकडे येणाऱ्या कणापुढे दोन वाटा असतात. तो हॅलोजनला हटवून कार्बनवर स्वतः बसतो, हे सबस्टिट्यूशन. किंवा शेजारच्या कार्बनवरचा प्रोटॉन ओढतो, हॅलोजन सुटतो आणि दुहेरी बंध तयार होतो; हे एलिमिनेशन. प्रोटॉन ओढणे हे आम्लारीचे काम. त्यामुळे आधी विचारायचे ते एवढेच : या कणाला प्रोटॉनची भूक किती?

ती भूक पीकेए सांगतो. प्रोटॉन घेतल्यावर कणापासून जे आम्ल बनते, ते जितके दुबळे तितका कण प्रबळ आम्लारी. ॲसिटिक आम्लाचा पीकेए 4.76, इथेनॉलचा सुमारे 16. प्रत्येक अंक दहापटीचा, म्हणजे हा फरक अब्जावधी पटींचा झाला.

आकडे काय सांगतात?

2-ब्रोमोप्रोपेनवर ॲसिटेट आले तर जवळपास सगळे सबस्टिट्यूशन. सोडियम इथॉक्साइड आले तर 55 अंश सेल्सिअसला 79 टक्के प्रोपीन आणि फक्त 21 टक्के ईथर. अर्थात पीकेए एकटा निकाल लावत नाही. हेच इथॉक्साइड ब्रोमोइथेनला दिले तर 90 टक्के ईथर मिळते, कारण तिथे कार्बनभोवती गर्दी नसते.

केओएचचे कोडेही इथेच सुटते. पाण्याचे रेणू हायड्रॉक्साइडला हायड्रोजन बंधांनी जखडतात, त्याची भूक मंदावते. अल्कोहोलमध्ये ही पकड सैल पडते, शिवाय काही इथॉक्साइड तयार होते.

मग अडचण कुठे?

धड्यांच्या क्रमात. पीकेए अकरावीतच शिकवला जातो. पण बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकात हॅलोअल्केनचा धडा आधी येतो आणि फिनॉल, कार्बोक्झिलिक आम्लांचे पीकेए त्यानंतरच्या धड्यांत. मधल्या काळात पाठांतर पक्के होऊन बसते. पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. तोवर शिक्षकांनी हॅलोअल्केनच्या पहिल्याच तासाला फळ्यावर चार आकडे लिहावेत : ॲसिटिक आम्ल 4.76, हायड्रोसायनिक आम्ल 9.2, इथेनॉल 16, ॲसिटिलीन 25.